हिऱ्यांचे नगर आणि खाणीचे गाव

दिवाळीची किंवा नाताळची सुटी लागली, की छत्रपती संभाजीनगराहून हैदराबादेस जाणाऱ्या गाड्यांत जागा मिळणे दुरापास्त होते. मराठवाड्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांचा हा जणू ठरलेला प्रवास आहे. चारमिनार, सालारजंग संग्रहालय, मोत्यांची थोडीफार खरेदी आणि मग गोवळकोंडा. किल्ल्याच्या दरवाज्यात वाजविलेली टाळी वर टेकडीवर कशी ऐकू जाते, याचे प्रात्यक्षिक वाटाड्या करून दाखवितो, आणि ‘कोहिनूर येथलाच’ असे सांगून दुसऱ्या घोळक्याकडे वळतो. हिऱ्यांच्या खाणींचे नगर पाहिल्याच्या समाधानात मंडळी परततात.

वस्तुस्थिती अशी, की गोवळकोंड्यास हिऱ्यांची खाण नव्हती. तेथे होती ती बाजारपेठ आणि कुतुबशाही दरबार. खाणी होत्या तेथून कित्येक दिवसांच्या वाटेवर, कृष्णेच्या खोऱ्यात. त्यांपैकी कोल्लूर ही सर्वांत प्रसिद्ध. कोहिनूर कोल्लूरचाच, अशी सर्वसाधारण समजूत आहे; वॉशिंग्टनच्या संग्रहालयात असलेला निळा ‘होप’ हिराही तेथलाच मानला जातो. आज हे कोल्लूर पाहावयाचे म्हटले तर पाहण्यासारखे काही उरलेले नाही. आंध्र प्रदेशातील पुलिचिंतला धरणाच्या जलाशयाने त्या परिसराला पोटात घेतले आहे. जेथे हिरे विकले गेले त्या नगराचे नाव जगाच्या भाषांत संपत्तीचा पर्याय म्हणून रूढ झाले. जेथे ते खणले गेले ते गाव पाण्याखाली गेल्याचे किल्ला पाहून परतणाऱ्यांच्या कानी सहसा पडत नाही.

सतराव्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्यास गेला, तो याच मराठवाड्यातून. वाटेत त्याला संगमरवराने लादलेले तीनशेहून अधिक गाडे भेटले आणि त्यांतील लहानातल्या लहान गाड्यासही बारा बैल जोडलेले होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. हा संगमरवर औरंगाबादेतील बीबी का मकबऱ्यासाठी चालला होता. मकबऱ्याचे हे वर्णन आपल्याकडे आवडीने उद्धृत केले जाते. पण त्याच लेखकाने पुढे खाणींवर जाऊन तेथील मजुरांविषयी जे नोंदविले, ते मात्र कोणी फारसे वाचत नाही. कोल्लूरला त्याच्या सांगण्याप्रमाणे सुमारे साठ हजार माणसे राबत होती. पुरुष खणत; बायका आणि मुले माती वाहून नेत. ती माती धुवून, वाळवून, धान्य पाखडावे तशी पाखडली जाई. ही खाण सापडली तीही भरडधान्य पेरण्यासाठी जमीन खणणाऱ्या एका गरीब माणसाला, अशी हकीकत त्याच्या कानी आली होती.

रावळकोंड्याच्या खाणीविषयी त्याने दिलेले आकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम मांडून पाहावेत असे आहेत. आपल्या कामात वाकबगार असलेल्या मजुरास तेथे वर्षाला तीन होन मिळत. पन्नास मजूर लावणारा व्यापारी राजाला परवान्यापोटी रोजचे दोन होन देई आणि हिऱ्यांच्या खरेदीवर शेकडा दोन प्रमाणे कर निराळा. म्हणजे पन्नास माणसांची वर्षाची मजुरी झाली दीडशे होन, आणि काम तीनशे दिवस चालले असे धरले तर केवळ परवान्याचे झाले सहाशे. जो हात खड्ड्यात उतरला त्याच्यापेक्षा चौपट रक्कम त्या हाताला खड्ड्यात उतरू देण्याबद्दल दरबाराने घ्यावी, असा हा हिशेब! व्यापाऱ्याचा नफा यात धरलेलाच नाही. असा मजूर क्वचित एखादा खडा लपवी, तर त्याचे नवल ते काय? एकाने तर तो डोळ्याच्या कोपऱ्यात दडविल्याचे ताव्हर्निये सांगतो.

हा हिशेब कुतुबशाहीबरोबर संपला असे म्हणता येत नाही. आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर १६८७ साली गोवळकोंडा औरंगजेबाच्या हाती पडला. पुढे निजामाचे राज्य आले आणि त्याची राजधानी १७६३ च्या सुमारास औरंगाबादेहून हैदराबादेस गेली. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याचे चित्र १९३७ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून मुखपृष्ठावर छापले. १८४.७५ कॅरटचा जेकब हिरा तो कागद दाबून ठेवण्यासाठी वापरीत असे. हा हिरा गोवळकोंड्याचा नव्हे, तर दक्षिण आफ्रिकेतील. तोपर्यंत आपल्या खाणी केव्हाच थकल्या होत्या. भारत सरकारने १९९५ मध्ये त्याच्यासह निजामाचे जडजवाहीर सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. याच राज्यातील मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते मात्र १९५८ साली, संस्थान विलीन होऊन दहा वर्षे लोटल्यावर. उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून होते, पण ते राजधानीत. बाजारपेठेच्या नगरात सर्व काही आणि आडभागात काही नाही, ही व्यवस्था हिऱ्यांपुरती मर्यादित नव्हती.

दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीला जाणाऱ्या प्रवाशास निदान खड्डा तरी दिसतो. १८७१ साली सुरू झालेली आणि १९१४ साली बंद पडलेली ती खाण आज कड्यावर उभे राहून पाहता येते. काळ्या मजुरांना कराराची मुदत संपेपर्यंत कुंपणात कोंडून ठेवणारी आणि सोडताना त्यांची अंगझडती घेणारी व्यवस्था तेथेच पक्की झाली. तिच्याविषयी कोणाला प्रेम वाटण्याचे कारण नाही. परंतु नगर खाणीच्या तोंडाशी उभे राहिले, म्हणून प्रवाशाला निदान प्रश्न तरी पडतो. गोवळकोंड्याच्या प्रवाशाला तोही पडत नाही.

आणि इतके दूर जावयास तरी कशाला हवे? महाराष्ट्राच्याच गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात, खोब्रागडी नदीच्या काठी वैरागड आहे. ‘ऐन-ए-अकबरी’त तेथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे. चोळांच्या कोरीव लेखांत येणारे ‘वयिरागरम्’ म्हणजे हेच गाव, असे अभ्यासकांनी मानले आहे; वज्राचे आगर तेच वैरागड. चांद्याच्या गोंड राजांच्या काळातला किल्ला तेथे आहे. गोवळकोंड्याच्या दरवाज्यात टाळी वाजवून आलेल्या किती मराठी माणसांनी वैरागडचे नावही ऐकले असेल?

हा प्रश्न केवळ पर्यटनाचा नाही. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आता हिऱ्यांऐवजी लोखंड निघत आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावरून खनिज भरलेल्या मालमोटारी धावू लागल्या आहेत. ताव्हर्नियेच्या काळी नव्हती अशी एक तरतूद मात्र आज कायद्यात आहे. खाणविषयक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार खाणधारकाने स्वामित्वधनाच्या काही टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावयाची असते. जुन्या पट्ट्यांसाठी हे प्रमाण ३० टक्के, तर लिलावाने दिलेल्या नव्या पट्ट्यांसाठी १० टक्के ठरविण्यात आले. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांसारख्या गरजांवर या निधीतील किमान ६० टक्के खर्च व्हावा, असे सुरुवातीच्या नियमांतच सांगितले होते.

तरतूद चांगली आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणी एखादे सभागृह बांधणे हे एटापल्लीच्या दुर्गम पाड्यावर परिचारिका पाठविण्यापेक्षा केव्हाही सोपे असते, हे प्रशासन जाणणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. म्हणून प्रतिष्ठानाचा जमाखर्च गावनिहाय, मराठीत आणि गोंडी-माडियातही ग्रामसभेपुढे वाचून दाखविला गेला पाहिजे, आणि ग्रामसभेची हरकत नोंदवून घेतल्यावाचून पुढील वर्षाचा आराखडा मंजूर होता कामा नये. अडाणी म्हणून हिणविल्या गेलेल्या लोकांना हिशेब कळणार नाही, ही शंका याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने खोटी ठरविली आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाल्यावर त्या ग्रामसभेने बांबूचा व्यवहार स्वतः करून दाखविला.

संभाजीनगरच्या महाविद्यालयांच्या सहली दरवर्षी निघतात. अर्थशास्त्राच्या आणि इतिहासाच्या विभागांनी एखाद्या वर्षी त्या हैदराबादेऐवजी वैरागडला न्यावयास हरकत नाही. नागपूरपर्यंत समृद्धी महामार्ग आहे. पुढे ब्रह्मपुरीवरून वैनगंगा ओलांडली, की आरमोरी. किल्ला पाहून झाल्यावर विद्यार्थ्यांनी गावात हिंडावे. खाणीचे गाव म्हणून मिरविण्यासारखे तेथे काय उरले, हे जुन्या माणसांना विचारावे आणि उत्तर वहीत उतरवून आणावे.