पिसाच्या मनोऱ्याला हात टेकवणाऱ्यांना



इटलीच्या यात्रेहून आलेल्या कुणाचाही मोबाइल पाहा. पिसाचा एक फोटो असतोच: मागे झुकलेला मनोरा आणि तो पडू नये म्हणून हवेत धरलेले दोन तळहात. सहलीला गेलेल्यांनी खुशाल काढावा. पण आपण घरून निघताना फादरांचा आशीर्वाद घेऊन ‘तीर्थयात्रेला’ निघतो, म्हणून बोलावे लागते.

तो मनोरा कॅथेड्रलचे घंटाघर आहे. ११७३ साली काम सुरू झाले, दोन-तीन मजले चढतात तोच खालची मऊ जमीन खचली. काम मध्ये शंभर वर्षे थांबले. तरी पिसाच्या लोकांनी ते सोडले नाही. चौदाव्या शतकात घंटांचा मजला पुरा केला. (आणि त्याला आपल्या हातांची गरज नाही. १९९० ते २००१ मनोरा बंद ठेवून इंजिनिअरांनी उत्तरेकडची माती थोडी थोडी काढून त्याला सावरले आहे.)

आता आपल्या यात्रांचा कार्यक्रम बघा. फ्लॉरेन्सहून सकाळी बस, पिसाला तासभर, फोटो, आइस्क्रीम, परत बस. त्याच हिरवळीवर, काही पावलांवर कॅथेड्रल आणि बाप्तिस्मागृह उभे असते. आत कोण जाते? बाप्तिस्मागृहात निकोला पिसानोने १२६० साली घडवलेले संगमरवरी व्यासपीठ आहे. ख्रिस्तजन्म, राजांचे वंदन, मंदिरातले समर्पण, क्रूसावरचे मरण, अंतिम न्याय: पाच शिल्पपट. आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात वर्षभर जे शिकवतो ते तिथे दगडात आहे, अक्षरओळख नसलेल्यालाही कळेल असे. त्याच्याजवळच १२४६ चे अष्टकोनी बाप्तिस्माकुंड आहे. आपल्या बाप्तिस्म्याची वचने पुन्हा म्हणायला याहून चांगली जागा कोणती?

‘आयुष्यात एकदाच जातो, थोडी मजा केली तर काय बिघडले?’ असे मला ऐकवले जाते. अहो, एकदाच जाता म्हणूनच तर! कुणी पेन्शनीतून, कुणी सोने मोडून पैसे भरलेले असतात. त्या पैशात घंटाघर बघून घंटा ज्या घराकडे बोलावते त्याच्या दारावरूनच परतायचे? दोष एकट्या टूरवाल्याचा नाही. आपण मागत नाही, म्हणून तो देत नाही.

पुढच्या यात्रेचे पत्रक हाती आले की पैसे भरण्याआधी पिसासमोर किती वेळ लिहिला आहे ते वाचा. तासभर असेल तर अर्धा दिवस मागा, बाप्तिस्मागृहाच्या तिकिटासकट. नाही म्हणाले तर पिसा वगळायला सांगा.