जूनमधल्या ट्रॉफ्या आणि हुकलेला अर्ज

बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत गुणगौरव समारंभांची रांग लागते. हॉल, ट्रॉफी, बिर्याणी, आणि बॅनरवर मुलांपेक्षा मोठा फोटो नगरसेवकाचा. भाषणात सच्चर समिती येतेच. मग मंचावरून कुणीतरी विचारतं, "बेटा, आगे क्या करोगी?" मुलगी म्हणते, "बीबीए." टाळ्या. तिने सीईटीचा अर्ज भरलाय का, हे कुणी विचारत नाही.

२०२४ पासून बीबीए, बीएमएस, बीबीएम, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांची वेगळी परीक्षा सुरू केली. अर्जाची नियमित मुदत निकालाच्या आधीच संपते. पहिल्या वर्षी जागा रिकाम्या राहू लागल्या म्हणून जादा सीईटी झाली. तिच्या भरवशावर बसू नका.

मी दोन वर्षं आमच्या वस्तीत हे अर्ज भरून देतो. माझा आरोप सरळ आहे. आपली मुलं इथे डोक्यामुळे मागे पडत नाहीत, कागदांमुळे पडतात. आणि त्याला एकटं सरकार जबाबदार नाही.

जातीचा दाखला घ्या. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. मुस्लिम ओबीसींच्या हक्कासाठी शब्बीर अन्सारींनी महाराष्ट्र पिंजून काढला, दिलीपकुमारसारखा माणूस त्यांच्यासोबत उभा राहिला. आज तो हक्क कागदावर आहे, पण आपल्या फाइलीत नाही. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. मग चुलत आजोबांचा दाखला, जुनं खरेदीखत, जन्म-मृत्यूची नोंद असं काहीतरी शोधत तालुक्याला चकरा. त्यानंतर जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर. हे काम अकरावीतच सुरू करावं लागतं. त्या वेळी घरातले बुजुर्ग म्हणतात, "इस्लाम में जात-पात कहाँ है?" बरोबर आहे, नाही. पण रिश्ता बघताना सगळ्यात आधी बिरादरी विचारणारे हेच असतात. समता त्यांना नेमकी तहसील कार्यालयाच्या दारात आठवते.

ओबीसीत नसाल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएसचा दाखला बघा. तो मुसलमानालाही मिळतो.

हे कागद का हवेत? जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, व्हायला हवा. 'फी परवडत नाही, घरी बसून बीकॉम कर' असं जिला सांगितलं जातं, तिच्या अब्बांना हे ठाऊकच नसतं.

यातली एक मेख ऐका. सीईटीमुळे जागा भरणार नाहीत या भीतीने अनेक कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) केलं. त्यांत अल्पसंख्याक संस्थाही आहेत. बारावीच्या गुणांवर प्रवेश, सीईटीची कटकट नाही. सोयीचं वाटतं खरं, पण तो प्रवेश कॅपबाहेरचा. 'आपलं कॉलेज आहे' एवढ्यावर पैसे भरू नका. ऑफिसात विचारा: एआयसीटीईची मान्यता आहे का, कॅपचा कोड काय, हा अभ्यासक्रम महाडीबीटीवर दिसतो का? आणि फ्लेक्सवर छापलेलं पॅकेज किती मुलांना मिळालं, तेही.

"धंदा तो हमारे खून में है, डिग्री कशाला?" असंही ऐकवतात. त्याच दुकानाचा जीएसटी भरायला आणि बँकेची कर्जफाइल करायला बाहेरचा माणूस येतो, आणि फी घेऊन जातो.

आता परीक्षेचं. १०० प्रश्न, ९० मिनिटं, त्यातले ४० प्रश्न इंग्रजीचे. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलाला अडवणारी भिंत तीच ४० प्रश्नांची. ती काही ट्रॉफीने पडणार नाही. समारंभाच्या खर्चात चार महिने इंग्रजीचा शिक्षक ठेवता येतो. ज्यांची तयारी चांगली आहे त्यांनी सीयूईटी देऊन दिल्लीच्या शहीद सुखदेव कॉलेजचाही विचार करावा. फक्त केंद्राच्या ओबीसी दाखल्याचा नमुना वेगळा असतो, तो आधी काढा.

कुणी म्हणेल, पाच टक्के आरक्षणाचं काय? २०१४ चा अध्यादेश आला. उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतलं आरक्षण थांबवलं, शिक्षणातलं थांबवलं नाही, तरी सरकारने त्याचा कायदा केला नाही. त्यासाठी लढायलाच हवं. पण त्या लढ्याची भाषणं करणाऱ्या नेत्याला विचारा, गेल्या वर्षी तुमच्या वॉर्डात किती नॉन-क्रिमिलेअर दाखले निघाले?

कमिटीच्या पुढच्या बैठकीला जा. समारंभाच्या खर्चाचा हिशोब मागा. जानेवारीपासून दर जुम्म्याला नमाजनंतर दोन तास एक खोली, एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि अर्ज भरता येणारी दोन मुलं, एवढीच मागणी ठेवा. सदरसाहेब नाही म्हणाले, तर जूनच्या बॅनरवर तुमचा फोटो छापू नका असं त्यांना तिथेच सांगा.