निकालाआधीचा वर्ग

येत्या 18 जुलैला मुंबई विद्यापीठाचा वर्धापनदिन. 1857 साली उत्तरेत बंड पेटलेले असताना या विद्यापीठाचा कायदा झाला आणि 1862 साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, हे त्या दिवशी कुणी ना कुणी सांगेलच. सहसा सांगितले जात नाही ते एवढेच, की लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालेल्या या विद्यापीठाकडे शिकवण्याचे काम सुरुवातीला नव्हतेच. शिकवायचे ते कॉलेजांनी. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. पुढे विद्यापीठाने स्वतःचे विभाग काढले, कलिन्याला मोठा परिसर उभा राहिला, पण जन्माच्या वेळी लागलेली सवय काही सुटली नाही. विद्यार्थ्याची आणि विद्यापीठाची खरी गाठ आजही हॉल तिकिटावरच पडते.

अँटॉप हिलवरून ही गोष्ट जरा जास्त स्पष्ट दिसते. मुंबईत कॉलेजांच्या इतक्या दाट गराड्यात असलेली वस्ती क्वचितच सापडेल. मातुंग्याला व्हीजेटीआय, आयसीटी, खालसा, रुईया, पोदार. वडाळ्याला एसआयडब्ल्यूएस आणि आंबेडकर कॉलेज. जीटीबी नगरला गुरुनानक. संगमनगरच्या अंगाला 1999 पासून विद्यालंकार. केंद्र सरकारी क्वार्टर्सच्या सेक्टरांतून, कोकरी आगारातून, प्रतीक्षानगरातून, कोळीवाड्याच्या पंजाबी वसाहतीतून निघालेली मुले यांतल्या कुठल्या ना कुठल्या फाटकातून आत शिरतात. घरी कुणी तमिळ बोलते, कुणी मराठी, तेलुगू, उर्दू किंवा भोजपुरी. वर्गात इंग्रजी. आणि लेक्चर संपल्यावर जिन्यात उभे राहून एकमेकांना समजावून सांगायची ती बंबइया हिंदी. त्या जिन्यातच बरेचसे शिक्षण होते, असा आमचा अंदाज आहे. अंदाजच म्हणायला हवे, कारण ते कुणी मोजलेले नाही.

कॉलेज या मुलांबद्दल दोन गोष्टी नेमक्या जाणते. मार्क आणि हजेरी. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली की नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागते. जुलैत चुनाभट्टी आणि कुर्ल्याच्या मध्ये रुळांवर पाणी साचून हार्बर ठप्प झाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या लेक्चरला कोण आले नाही हे वहीत पक्के नोंदवले जाते. जे आले त्यांना त्या तासात काय कळले, याची नोंद ठेवायला वहीत रकाना नाही.

2017 चा उन्हाळा आठवून पाहा. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरले, घाईत ठरले, आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. मोर्चे निघाले, विधिमंडळात गदारोळ झाला, परदेशी प्रवेश मिळालेली मुले गुणपत्रिकेसाठी हेलपाटे घालत राहिली. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. जे झाले ते योग्यच झाले. पण एखाद्या विषयात पहिल्या वर्षाची अर्धी मुले सालोसाल केटी घेऊन, म्हणजे नापास विषय मागे ठेवून, पुढे सरकतात, तेव्हा असा गदारोळ का होत नाही? निकाल उशिरा लागला तर राज्य हादरते. निकाल वेळेवर लागला आणि वाईट लागला, तर मुले कच्ची होती असे म्हणून फाईल बंद होते.

हे दुखणे शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने नेमके ओळखले होते. 1924 साली सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ सुधारणा समिती बसली. तिच्या प्रश्नावलीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्टमध्ये लेखी उत्तरे दिली. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते, परळच्या चाळीत राहत होते, आणि सिडनहॅम कॉलेजात शिकवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांचा रोख असा होता: विद्यापीठ परीक्षेपुरते उरले आहे, ते शिकवणारे झाले पाहिजे. पदव्युत्तर काम पदवीच्या वर्गापासून तोडले, तर अध्यापन आणि संशोधन एकमेकांपासून तुटतील आणि त्यात दोघांचेही नुकसान होईल. कोलंबिया आणि लंडन पाहून आलेल्या माणसाचे हे बोलणे होते. पुढे 1946 च्या जूनमध्ये त्यांनी सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थी दिवसभर कुठे असतो हे आधी पाहायचे आणि मग वेळापत्रक आखायचे, असा तो उलटा क्रम होता. आज शिक्षणशास्त्रात विद्यार्थ्याचा अनुभव या नावाखाली ज्याचा अभ्यास होतो, त्याची सुरुवात इतक्या साध्या गोष्टीपासून होते.

1924 ची ती मागणी अर्धी पुरी झाली. 1933 साली विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग उभा राहिला. जुन्या लोकांच्या तोंडी आजही त्याचे नाव यूडीसीटी. आता तेच स्वतंत्र विद्यापीठ झाले आहे, आयसीटी. एकाच छपराखाली शिकवणे आणि शोध, हे तिथे झाले आणि उत्तम झाले. पण तो शोध रंगांचा, औषधांचा, विक्रियांचा. शिकवणे हाच शोधाचा विषय होऊ शकतो, वर्ग हीच प्रयोगशाळा होऊ शकते, ही गोष्ट आपल्या कॉलेजांच्या अंगवळणी पडायची राहिलीच.

यावर कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तयारी केलेले कुणीही म्हणेल, की आता आम्ही विद्यार्थ्यांना विचारतो की! खरे आहे. 2017 पासून नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आले. एकवीस प्रश्न. वीस पर्यायांचे, आणि शेवटचा मोकळा, ज्यात अध्यापन सुधारण्यासाठी तीन सूचना लिहायच्या. शिक्षक तयारी करून येतात का, अभ्यासक्रम किती पूर्ण झाला, अशी विचारणा असते. कॉलेजे आपलाही असा फॉर्म फिरवतात. मुले पाचातले चार गोल काळे करून मोकळी होतात. निम्म्यांना तर वाटते, की नाव कळले तर इंटर्नल्सचे मार्क जातील.

पण मुले अगदी प्रामाणिकपणे लिहू लागली, तरी प्रश्न सुटतोच असे नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या प्राथमिक वर्गांत एक प्रयोग झाला. 2019 साली तो प्रसिद्ध झाला. मुलांच्या एका गटाने निष्णात वक्त्याचे व्याख्यान ऐकले. दुसऱ्या गटाने त्याच साहित्यावर लहान गटांत बसून गणिते सोडवली. नंतर दोन्ही गटांच्या पद्धतींची अदलाबदल करून पाहिली. चाचणीत गणिते सोडवणारे पुढे होते. पण आपण किती शिकलो असे विचारल्यावर, व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटले की आपणच जास्त शिकलो. डोक्याला ताण पडला की माणसाला आपण अडतोय असे वाटते, आणि समोरचा अस्खलित बोलत असला की आपल्यालाही सगळे कळतेय असे वाटते. क्लास लावलेल्या दादर-मातुंग्याच्या पिढ्यांना हे वेगळे सांगायला नको. फळ्यावर झरझर गणित सोडवणाऱ्या सरांच्या तासाला गर्दी व्हायची, आणि घरी तेच गणित पहिल्या ओळीवर अडायचे. समाधानाचा फॉर्म त्या सरांना पाचपैकी पाच देईल. त्या फॉर्मवरून शिक्षकाची बढती ठरवणे म्हणजे ताप मोजायला वजनकाटा वापरणे.

शिकणे मोजायला वेगळी मेहनत लागते, आणि ती मेहनत आपल्याच शहरात झालेली आहे. पवईच्या आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा अभ्यासगट आहे. संगणक प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या भल्यामोठ्या वर्गात त्यांनी एक साधी पद्धत वापरली. प्रश्न द्यायचा, आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचे, मग वर्गासमोर मांडायचे. संशोधक वर्गात बसून मुले काय करतात याची नोंद घेत राहिले. 2013 साली त्यांनी मांडलेला आकडा असा, की या काळात सरासरी 83 टक्के मुले कामात पूर्ण किंवा बहुतांशी गुंतलेली होती. व्याख्यानाच्या तासाला शेवटच्या तीन बाकांवर काय चालते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या आकड्याचे मोल कळेल. जगभरातही कल तोच दिसतो. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या 225 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2014 साली प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याचे प्रमाण हाताला काम देणाऱ्या वर्गाच्या दीडपट निघाले.

म्हणून उद्यापासून सगळ्यांनी जोड्या लावा, असे फर्मान निघाले तर मात्र घात होईल. पवईचा वर्ग जेईईच्या चाळणीतून आलेला. तिथे शेजाऱ्याशी इंग्रजीत बोलणे अवघड नसते. आपल्याकडे महापालिकेच्या मराठी शाळेतून आलेली मुलगी इंग्रजी माध्यमाच्या मुलाशेजारी बसली, तर बोलणार कोण आणि मान डोलावणार कोण? जोडी कुणी कुणाशी लावायची, चर्चा कुठल्या भाषेत करायची, याचे उत्तर पवईच्या निबंधात सापडणार नाही. ते इथेच शोधावे लागेल.

भाषेच्या बाबतीत तर पाया घातलेलाच आहे. जीटीबी नगरला गाडी पकडली की सहावे स्टेशन मानखुर्द. तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टीआयएफआरने 1974 साली सुरू केलेल्या या केंद्राने महापालिकेच्या शाळांमधून आणि जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यातून काम केले. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या आसपास दाखवून दिले, की विज्ञानात मागे पडणाऱ्या मुलाची अडचण पुष्कळदा विज्ञानात नसते. पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा हा अडसर असतो. पुढे त्यांनी आणि सुधाकर आगरकरांनी मुंबईतल्या वंचित वर्गातल्या मुलांबरोबर काही वर्षे काम केले, आणि ज्यांना व्यवस्थेने मंद ठरवले होते, त्या मुलांचे शालान्त परीक्षेतले यश झपाट्याने सुधारले. 1985 सालच्या अहवालात हे सगळे नोंदवलेले आहे. ते काम शाळेपाशी थांबले. अकरावीत विज्ञान एकदम इंग्रजीत सुरू होते आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी तर मराठी शब्दही कानावर पडत नाही. त्या वळणावर मुलांचे नेमके काय होते, याचा तितक्याच चिकाटीने पाठपुरावा पदवीच्या वर्गात कुणी करायचा?

करणारे हात कॉलेजातच आहेत. त्यांना आपण भलत्या कामाला लावले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2010 च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीच्या निर्देशांकाचे, गुण जोडले, आणि मराठीच्या, वाणिज्याच्या, भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने निबंध छापायचे असा हुकूम झाला. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यात छत्र्या उगवाव्यात तशी उगवली. 2018 च्या मे महिन्यात यूजीसीने आपल्याच मान्य यादीतून 4305 नियतकालिके काढून टाकली, तेव्हा या उद्योगाचा पसारा दिसला. त्या निबंधांच्या ढिगात, आपल्याच वर्गातल्या मुलांना काय कळत नाही याचा शोध घेणारे किती होते? ज्या शिक्षकाने वीस वर्षे लेजर पोस्टिंग शिकवले, त्याला मुले नेमकी कुठल्या पायरीवर घसरतात हे तोंडपाठ असते. ते ज्ञान निवृत्तीच्या शालीबरोबर घरी जाते. हे संशोधन आहे असे त्याला कुणी कधी सांगितलेले नसते, आणि सांगितले असते तरी त्याला एपीआयचे किती गुण मिळाले असते, देव जाणे.

वर्धापनदिनाच्या निमित्ताने विद्यापीठाला एक गोष्ट सहज करता येईल. शिक्षकाने स्वतःच्या वर्गावर केलेला नीट नोंदवलेला अभ्यास, मराठीत लिहिलेला असला तरी, बढतीसाठी निबंधाइतका धरायचा. प्रयोग फसला असे त्यात लिहिले असले तरी धरायचा. खर्च जवळजवळ शून्य. वडाळ्यातल्या एखाद्या कॉलेजात एखाद्या शिक्षिकेने पहिल्या सत्रातच मुलांची घरची भाषा, येण्याजाण्याचा वेळ, संध्याकाळची नोकरी आणि अभ्यासाची जागा विचारून ठेवली, दर महिन्याला पंधरा मिनिटांची न मोजलेली चाचणी घेतली, आणि शेवटच्या वर्षापर्यंत त्याच मुलांचा माग ठेवला, तर तीन वर्षांत तिच्या हाती असे काही असेल जे कुठल्याही सल्लागाराकडे नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांबरोबर राहणारा मुलगा पाच गार्डनच्या बाकावर किंवा अभ्यासिकेत जाऊन वाचतो. परीक्षेच्या आदल्या महिन्यात अभ्यासिका रात्री नऊला बंद झाली, तर त्याचा निकालावर किती परिणाम होतो, हे तिला सांगता येईल. आज ते कुणालाच सांगता येत नाही.

अडचण तीन वर्षे या शब्दांत आहे. कायम सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचे असते, शिवाय नॅकच्या फायली, परीक्षेची ड्युटी आणि निवडणुकीचे काम. तरी तो पुढच्या जूनला त्याच वर्गात असतो. पण अनुदानित कॉलेजांतल्या कितीतरी जागा भरलेल्याच नाहीत आणि वर्ग सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, चालले आहेत. हे शिक्षक सकाळी वडाळ्याला, दुपारी परळला आणि संध्याकाळी आणखी कुठे क्लासला शिकवतात. तासाचे पैसे महिनोन्‌महिने थकतात. मे महिन्यात काम संपते आणि जुलैत पुन्हा मुलाखत द्यावी लागते. पहिल्या वर्षात जिची नोंद केली ती मुलगी तिसऱ्या वर्षात काय करते हे पाहायला तो शिक्षक कॉलेजात असेल, याची हमी आधी सरकारने द्यावी. भरतीची फाईल मंत्रालयात आहे.