आयोडीन जाते कुठे?

‘क्लोरीन ब्रोमीनला हुसकतो, ब्रोमीन आयोडीनला हुसकतो, उलट कधी घडत नाही.’ शेजारच्या वर्गातला हा घोष आम्ही कित्येक वर्षे भिंतीआडून ऐकत आलो. आम्ही पडलो कलाशाखेचे. रसायनशास्त्राशी आमचा संबंध तेवढाच. परंतु एकदा बदलीच्या तासाला एका मुलाने विचारले, ‘सर, हुसकलेले आयोडीन मग जाते कुठे?’ आम्हांस उत्तर देता आले नाही.

विज्ञानाच्या शिक्षकांकडून समजून घेतल्यावर आमचे मत असे झाले की, मूल चुकले नव्हते; शब्द चुकला होता. ‘विस्थापन’ म्हटले की धरणाखाली गेलेले गाव आणि बैलगाडीत भरलेला संसार डोळ्यांपुढे येतो. आयोडीन मात्र कुठेच जात नाही. आयोडाइड आयनाजवळ एक इलेक्ट्रॉन अधिक असतो, आणि या रूपात तो पाण्यात असूनही रंगहीन असतो. क्लोरीनला इलेक्ट्रॉनची ओढ त्याहून मोठी. तो इलेक्ट्रॉन घेऊन स्वतः क्लोराइड होतो. मोकळे झालेले आयोडीन त्याच भांड्यात तपकिरी रंगाने उभे राहते, आणि खळ घातली की गर्द निळे होते. म्हणजे ज्याला आपण ‘हुसकले’ म्हणतो, ते त्या क्षणी प्रथम दृष्टीस पडते!

हे पाहण्यासाठी पांढुर्णा-सौसरच्या मुलांस दूर जावयास नको. पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, ती किती टाकावी हे ठरविण्याची एक जुनी परीक्षा आहे. विल्यम हॉरॉक्स या ब्रिटिश लष्करी वैद्याची ती पद्धत पहिल्या महायुद्धात सैन्याचे पाणी शुद्ध करण्यासाठी वापरली गेली. पेटीत एक काळा पेला आणि सहा पांढरे. काळ्यात २ ग्रॅम पावडरीचे द्रावण करावयाचे. पांढऱ्यांत विहिरीचे पाणी भरून पहिल्यात त्या द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत. अर्धा तास थांबावे. पाण्यातली घाण आपल्या वाट्याचा क्लोरीन खाऊन टाकते. उरला तरच तो पुढे काम करतो. मग प्रत्येक पेल्यात खळ व कॅडमियम आयोडाइड यांच्या द्रावणाचे तीन थेंब. तिसऱ्या पेल्यात प्रथम निळा रंग आला, तर ४५५ लिटर पाण्यास तीन चमचे, म्हणजे ६ ग्रॅम पावडर लागते. पाठ केलेला नियम तो हाच; फक्त इथे त्यावर गावाचे पाणी अवलंबून असते.

कोणी म्हणतील, परीक्षेत समीकरण येते, पेले येत नाहीत. आणि हुसकण्याची उपमा मंद मुलांच्या लक्षात राहते. राहते खरी, पण समजुतीच्या जागी जाऊन बसते. आम्ही स्वतः घरी कोंकणी बोलून मराठीत शिकलो. नुसत्या कानाने घेतलेला शब्द किती पोकळ राहतो हे आम्हांस ठाऊक आहे. इकडे हिंदी पुस्तकांतही ‘विस्थापन’ हाच शब्द आहे. तेव्हा माध्यम बदलून मूल हुशार होईल असे मानणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानात घ्यावे.

यंदा धड्यापूर्वी आरोग्यसेवकांना त्यांच्या पेटीसह शाळेत बोलवावे, द्रावणे त्यांनीच हाताळावीत, आणि त्या अर्ध्या तासात कोणता पेला आधी निळा होईल याची पैज मुलांनी खुशाल लावावी. आम्हीही मागच्या बाकावर बसू.