पोटातला मार आणि कुलपातलं मशीन



सोनोग्राफीच्या मशीनशी आपल्या चळवळीचं नातं आजवर भांडणाचंच राहिलं. ते भांडण खरंच होतं. बायकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला, २००३ साली तो आणखी कडक झाला. तरी २०११ च्या जनगणनेत आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ० ते ६ वयाच्या हजार मुलग्यांमागे मुली ८५५ च, २००१ मध्ये ९०८ होत्या. तेव्हा पहारा सैल करा असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्याच मशीनचं दुसरं एक काम आहे आणि ते मागायचं आपल्याला सुचलंच नाही.

जळगाव जामोदला आमच्या बैठकीला येणारी एक बाई. नवऱ्याने डाव्या बरगड्यांखाली लाथ घातली. अंगावर वळ नाही, ओरखडा नाही. एका दवाखान्यात नेली तर सासू शेजारी उभी, म्हणून डॉक्टरांना सांगितलं, "पायरीवरून पडली." दुखण्याची गोळी मिळाली. संध्याकाळी चक्कर, घाम, डावा खांदा दुखायला लागला. मी सोनोग्राफीचं विचारलं, तर मशीनवाले डॉक्टर मंगळवारी येतात. वर तिथल्या एकाने ऐकवलं, "बाईमाणसाची सोनोग्राफी, ताई, तुमच्याच कायद्याची भानगड आहे." ती गरोदरसुद्धा नव्हती! रात्री मोठ्या गावी पोचलो. प्लीहा फाटली होती, काढावी लागली. ती वाचली. तिच्या कागदावर अजून 'पडून इजा' असंच आहे.

पोटाला मार लागल्यावर ही तपासणी काय करते, ते आपल्याला माहीत हवं. यकृत आणि उजव्या मूत्रपिंडाच्या मधली जागा, प्लीहेच्या भोवती, ओटीपोटात आणि हृदयाभोवती असं चार ठिकाणी पाहायचं. तिथे साकळलेलं रक्त पडद्यावर काळं दिसतं. काही मिनिटांचं काम, खाटेवरच होतं, किरणोत्सर्ग नाही. मात्र पहिल्या तपासणीत काही दिसलं नाही म्हणून बाईला घरी पाठवायचं नसतं. थोडं रक्त दिसत नाही, आतडं फाटलेलं बहुधा कळत नाही. म्हणून काही तासांनी पुन्हा पाहायचं, शंका राहिली आणि रक्तदाब टिकून असला तर सीटी स्कॅन. रक्तदाब ढासळत असेल आणि पोटात रक्त दिसत असेल तर थेट शस्त्रक्रियेची तयारी.

यातलं काहीही गर्भलिंग कायद्याने बंद केलेलं नाही. मशीनची नोंदणी हवी, ती हवीच. बाई गरोदर असेल तर 'एफ' फॉर्म भरायचा, लिंग सांगायचं नाही. नोंदणीच्या जागेत दाखल रुग्णाच्या खाटेशी लहान मशीन न्यायला २०१२ चे नियम परवानगी देतात. "आधी पोलिसांत जा" हेही चालत नाही. जखमीला आधी उपचार, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ७ तर पीडित बाईने मागितल्यास वैद्यकीय मदत द्यायलाच लावतं. मग कायद्याचं नाव पुढे करून आपली बाई परत का पाठवली जाते? आपण तो कायदा फक्त 'नाही' म्हणायला वापरला, म्हणून इतरांनीही तसाच वापरला, असं मला वाटतं. कुणाला हे रुचणार नाही, पण बोलायला हवं.

सोबत जाणाऱ्या कार्यकर्तीने सासूला औषधाच्या खिडकीवर धाडावं आणि बाईशी एकटीने बोलावं. मग तिच्या संमतीने डॉक्टरांना स्पष्ट सांगावं: लाथ कुठे बसली, किती वाजता, पाळी कधी आली होती. 'पडली' ऐकलं की डॉक्टर हाड पाहतात, पोट राहून जातं.

आणि रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत आपल्या तालुक्यापुरते दोन प्रश्न लेखी द्या: रात्री मशीनची किल्ली कोणाकडे असते, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांपैकी ही तपासणी किती जणांना शिकवली आहे?