दिव्यांची डावी-उजवी

माणूस परदेशी निघाला म्हणजे त्याच्या तयारीला अंत नसतो. पासपोर्ट, परके चलन, गरम कपडे, चिवड्याचे आणि भाजणीचे डबे, शिवाय निरोप द्यायला आलेल्या मावश्यांच्या सूचना! जिभेला परकी भाषा शिकवावी लागते आणि पोटाला परके अन्न. परंतु स्वतःची मोटार घेऊन सरहद्द ओलांडणाऱ्याला आणखी एक तयारी करावी लागते, ती म्हणजे मोटारीच्या दिव्यांची. दिव्यालाही देश असतो, हे पुष्कळांच्या गावी नसते.

“दिव्याला कसला देश?” असे कोणी विचारील. तर ऐका. मोटारीच्या पुढच्या दिव्यांना दोन झोत असतात. आपले ड्रायव्हर त्यांना अप्पर आणि डिप्पर म्हणतात. अप्पर सरळ दूर जातो. त्याला डावे-उजवे काही नसते. डिप्पर मात्र मोठा हिशेबी. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणजे समोरून येणारा आपल्या उजव्या हाताला असतो. त्या बाजूला हा झोत सुरीने कापल्यासारखा खाली राहतो. डावीकडे तो सुमारे पंधरा अंशांनी वर चढत जातो. उजवीकडच्याचे डोळे दिपू नयेत आणि डाव्या कडेने चालणारा माणूस, सायकल, बैलगाडी वेळेवर दिसावी, एवढा विचार त्या इवल्याशा दिव्यात केलेला असतो. युरोपात अशी एका बाजूने चढणारी योजना १९५०च्या दशकाच्या अखेरीस रूढ होऊ लागली. त्याआधीचा खालचा झोत दोन्हीकडे सारखाच असे.

आता हीच मोटार उजवीकडून चालणाऱ्या देशात न्या. समोरचा माणूस आता डाव्या हाताला आला, आणि आपला चढता झोत नेमका त्याच्या डोळ्यांत! उलट आपल्या उजव्या कडेला, जिथे पायी चालणारा असायचा, तिथे अंधार. दिवा तोच, काच तीच. पण मायदेशात वाट दाखवणारा उजेड परदेशात दुसऱ्याची वाट घालवतो.

माझा भाचा इंग्लंडात नोकरीला आहे. इंग्लंडही आपल्यासारखेच डावीकडून चालणारे. खरे म्हणजे आपणच त्यांच्यासारखे. सुट्टीत तो मुलाबाळांसह मोटारीने फ्रान्सला जातो. समुद्राखालचा बोगदा १९९४ साली खुला झाला, तेव्हापासून मोटारच आगगाडीत चढवतात आणि फोकस्टनहून सुमारे पस्तीस मिनिटांत कॅलेला उतरवतात. इतक्या वेळात डाव्याचे उजवे होते. म्हणून गाडी चढवण्यापूर्वी तो दिव्यांच्या काचेवर खास पट्ट्या चिकटवतो. चढत्या झोताचा भाग त्यांनी झाकला जातो किंवा वळवला जातो. प्रत्येक मोटारीला पट्टी कुठे लावायची याचा नकाशा पाकिटातच असतो. काही मोटारींत दिव्याच्या मागे एक खटका असतो, तो फिरवला की झोत सपाट होतो. नव्या मोटारींपैकी काहींत पडद्यावर बोट ठेवले की काम होते. काहींना तर तेवढेही लागत नाही. परतल्यावर मात्र पट्ट्या काढायला विसरायचे नाही, नाहीतर घरच्या रस्त्यावर उजेड कमी पडतो.

हे सारे त्याने मला सांगितले ते नारायणगडाच्या परिसरात. बीड जिल्ह्यातला हा गड म्हणजे नगद नारायण महाराजांचे स्थान. आमच्या भागातले लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. ज्यांना पंढरपूर गाठणे होत नाही, त्यांची एकादशी येथे होते. श्रावणातल्या एकादशीला आक्का, दाजी, भाचा आणि मी दर्शनाला गेलो होतो. निघायला रात्र झाली. मोटार दाजींची, चालवत होता भाचा. गड उतरून थोडे पुढे आलो, तोच समोरून एक मालट्रक अप्पर लावून आला. सारा रस्ता पांढरा झाला आणि त्या पांढऱ्यात काही म्हणजे काही दिसेना. भाच्याने वेग अगदी कमी केला. दाजी म्हणाले, “अरे, थांबलास कशाला? रस्ता मोकळा आहे.” ट्रक निघून गेला, डोळे ठिकाणावर आले, आणि डाव्या कडेला पंधरा-वीस पावलांवर पाच-सहा बाया चालत असलेल्या दिसल्या. एकीच्या कडेवर पोर होते. त्याही गडावरूनच परतत होत्या. आक्का कितीतरी वेळ एक शब्द बोलली नाही.

घरी आल्यावर भाच्याने मोटार वाड्याच्या भिंतीसमोर उभी केली आणि डिप्पर लावला. “मामा, बघा,” म्हणाला. चुन्याच्या भिंतीवर उजेडाची कड स्वच्छ उमटली होती. उजवीकडे आडवी, डावीकडे चढती. “त्या बाया दिसल्या त्या या चढावामुळे. नुसता सपाट झोत असता तर आधी पाय दिसले असते, माणूस मागाहून.” मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली; पण ‘दृष्टी देणे’ या शब्दप्रयोगाचा इतका सरळ अर्थ मला कोणत्या पुस्तकात सापडला नव्हता.

डावे-उजवे हे काही निसर्गाने ठरवलेले नाही. पोर्तुगालने १९२८ साली डावी बाजू सोडून उजवी धरली. गोव्यात मात्र डावीच राहिली, कारण शेजारी सारा डावीकडून चालणारा मुलूख. त्यामुळे १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा निदान रस्त्याची बाजू तरी कोणाला बदलावी लागली नाही. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता साऱ्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. नवे सिग्नल आधीच उभारून काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवले होते, आणि मोटारींचे डाव्या बाजूचे दिवे बदलणे सक्तीचे होते. आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशाने १९७० साली उजवी बाजू घेतली. सामोआ बेटांनी २००९ साली उलटा प्रवास केला, उजवीकडून डावीकडे. खैबर खिंड ओलांडून पाकिस्तानातून अफगाणिस्तानात जाणाऱ्यालाही बाजू बदलावीच लागते. जिथे बाजू बदलते, तिथे दिव्याचा प्रश्न येतोच.

परंतु आपल्यापैकी कितीजण खैबर ओलांडणार? आपला प्रश्न घरचाच आहे. इंग्लंडचा माणूस फ्रान्समधल्या अनोळखी माणसाचे डोळे दिपू नयेत म्हणून पट्ट्या चिकटवतो. आपण आपल्याच गावच्या माणसाला अप्पर दाखवतो. एके काळी आपल्याकडे दिव्याच्या वरच्या अर्ध्या काचेला काळा रंग फासलेल्या मोटारी सर्रास दिसत. १९६५ आणि १९७१च्या युद्धांत शहरांतल्या दिव्यांवर काळे कागद चढले, ते विमानांच्या भीतीने. आज निराळीच हौस आली आहे. जुन्या पिवळ्या दिव्याच्या घरात बाजारातला पांढराशुभ्र एलईडी दिवा बसवून घेतात. ते घर, म्हणजे आतला आरसा, जुन्या दिव्याच्या तारेच्या मापाने घडवलेले असते. त्यात दुसरा दिवा घातला की उजेडाची ती कापलेली कड विस्कटते आणि प्रकाश सैरावैरा उधळतो. मालकाला वाटते, काय लख्ख दिसते! समोरच्याला काय दिसते, हे विचारायला कोणी थांबत नाही.

गडाजवळच्या चहाच्या टपरीवर मी एका ट्रॅक्टरवाल्याला विचारले होते, “बाबा, समोरून गाडी आली की डिप्पर का करत नाहीस?” तो म्हणाला, “समूरचा करीत न्हाई, मग म्या कामून करावा?” या उत्तराला तर्कशास्त्रात तोड नाही, आणि समोरच्याला विचारले असते तर त्यानेही हेच उत्तर दिले असते.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला दिवाळीच्या सुमारास धार येते. दसरा-दिवाळी झाली की इथली माणसे कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि थेट कर्नाटकापर्यंत. ट्रक, ट्रॅक्टर आणि त्यांच्या मागच्या ट्रॉल्या संसारासकट भरलेल्या असतात. वर पोरे झोपलेली, भांडी, कोंबड्या. हा प्रवास पुष्कळदा रात्रीचा. कित्येक ट्रॉल्यांना मागे तांबडा दिवा नसतो. अशी ट्रॉली डाव्या कडेला उभी असली आणि समोरून अप्पर आला, तर मागून येणाऱ्याला ती दिसावी कशी?

म्हणून या दिवाळीत गावी निघणाऱ्यांना माझे तीन गोष्टींचे सांगणे आहे. एक, दिव्यांच्या काचा पुसा. दोन, रात्री मोटार सपाट जागी भिंतीसमोर उभी करून डिप्परची कड तपासा. ती विस्कटलेली दिसली तर गॅरेजमध्ये दाखवा. तीन, मागे माणसे आणि सामान भरले की मोटारीचे नाक वर होते आणि झोतही वर चढतो. त्यासाठी बहुतेक मोटारींत शून्यापासून तीनपर्यंत आकडे असलेली एक चकती असते. ती फिरवली की झोत खाली येतो. ही चकती पुष्कळांच्या मोटारीत विकत घेतल्या दिवसापासून शून्यावरच बसलेली आहे.

आणि समोरून कोणी आला, तर त्याची वाट न पाहता आपण आधी डिप्पर करावा. त्याने केला नाही तर वेग कमी करून डाव्या कडेकडे नजर ठेवावी. त्या कडेने कोणीतरी पायी घरी चाललेले असते.