उत्तर देण्याआधी

पाळकाच्या दारात येणारे प्रश्न सेमिनरीच्या परीक्षेत कधी आलेले नसतात. मुलीला स्थळ आले आहे, मुलगा दुसऱ्या पंथाच्या मंडळीत जातो, होकार द्यावा का? नवरा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला आहे, पगार पुन्हा त्याच्या हाती द्यावा का? रविवारच्या उपासनेनंतर माणसे हे प्रश्न घेऊन व्हरांड्यात रेंगाळतात. आपण पाळक असू, मंडळीचे वडील असू, संडे स्कूलच्या शिक्षिका असू. पुष्कळदा उभ्या उभ्या एक वचन सांगतो, प्रार्थना करतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. विचारणाऱ्यालाही बरे वाटते. ज्याच्या ओठांवर वचन तयार, तो देवाच्या जवळचा, अशी आपल्या लोकांची समजूत आहे आणि ती आपणही जपली आहे.

यातला एकच प्रश्न जरा जवळून पाहू. वडील वारले. गावठाणातले घर आणि दोन एकर शेत मागे राहिले. विवाहित बहीण माहेरच्या मंडळीत येते. पिशवीत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये हक्कसोडपत्राचा मसुदा आहे. भावाने सांगितले आहे, सोमवारी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ये, सही कर. ती विचारते, “पाळकसाहेब, बायबल काय म्हणतं?” आणि तिला बहुधा करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय ऐकवला जातो: विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचू नये, त्यापेक्षा नुकसान सोसावे. ताई, शांती राखा. ती सही करते. मंडळीत शांती राहते.

तो अध्याय आपण अर्धाच वाचला, असे मला मनापासून वाटते. पौल त्याच ठिकाणी करिंथच्या मंडळीला लाज वाटावी म्हणून विचारतो, की भावाभावांतला वाद सोडवील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय? कोर्टाची पायरी चढू नका हे सांगणे आणि निवाडा करू शकणारे शहाणपण मंडळीत असले पाहिजे ही मागणी, दोन्ही एकाच श्वासात येतात. दुसरी पुरी न करता पहिली लादली, तर दुबळ्याने गप्प बसावे एवढाच तिचा अर्थ उरतो. शिवाय नुकसान का सोसत नाही, असे विचारल्यावर पौल लगेच, आपल्याच भावांचे नुकसान करणाऱ्यांना खडसावतो. आपण पहिला भाग बहिणीला ऐकवतो. दुसरा भाग भावाला ऐकवायला किती जण त्याच्या घरी जातात?

सलाफहादाच्या पाच मुली आठवा. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. गणनेच्या पुस्तकात सत्ताविसाव्या अध्यायात त्या दर्शनमंडपाच्या दारापाशी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहतात. शिरगणती नुकतीच झाली आहे आणि वचनदत्त देशाची जमीन त्या यादीतल्या नावांप्रमाणे वाटली जाणार आहे. बाप रानात मेला, मुलगा नाही. मग त्याचे नाव कुळातून का पुसले जावे, आम्हांला वतन द्या, असे त्या म्हणतात. मोशेकडे उत्तरांची कमतरता नव्हती. सीनायवर नियमशास्त्र त्याच्याच हाती मिळाले होते. रीत अशी आहे, असे तो म्हणू शकला असता. संतोषी राहा, देव पुरवील, असेही म्हणू शकला असता, आणि ते भक्तिभावाचे वाटले असते. त्याने तसे काही केले नाही. त्याने त्यांचा दावा परमेश्वरापुढे नेला, आणि परमेश्वराने सांगितले की मुलींचे म्हणणे बरोबर आहे.

आपल्या सेवेला या एका कृतीची फार गरज आहे. ज्ञान उणे असेल त्याने देवाजवळ मागावे, हे याकोबाचे सांगणे आपण तरुणांच्या शिबिरात, परीक्षेच्या दिवसांत आवर्जून शिकवतो. पण मागायचे म्हणजे आधी आपल्याकडे नाही हे मान्य करायचे, आणि समोर कोणी उभे असताना ते जड जाते. “ताई, मला दोन दिवस द्या. सोमवारी सही करू नका. मी प्रार्थना करतो, तुमच्या भावाशीही बोलतो, मग आपण बसू,” असे म्हणणारा पाळक कच्चा ठरत नाही. नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात ऐकून घेण्याआधी उत्तर देण्याला मूर्खपणा म्हटले आहे. आधी बोलणाऱ्याची बाजू खरी वाटते, दुसरा येऊन त्याची तपासणी करीपर्यंत, हेही तिथेच आहे. गिबोनात ज्ञान मागून आलेल्या शलमोनासमोर दोन स्त्रिया एका बाळावरून भांडत आल्या, तेव्हा तलवार मागवण्याआधी त्याने दोघींचे म्हणणे एकेक करून पुन्हा बोलून दाखवले. आपल्याकडे आधी बोलणारा बहुधा भाऊच असतो. तो पंचकमिटीवर असतो, सणाला मोठे अर्पणही देतो. सोन्याची अंगठी घालून सभेत आलेल्याला चांगली जागा देऊ नका, हे याकोबाने उगाच लिहिले नाही.

त्या दोन दिवसांत प्रार्थनेबरोबर आणखी एक काम करावे लागते: कायदा पाहावा लागतो. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू आहे. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर विधवेला एक तृतीयांश मिळते आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखे वाटले जाते. मुलगा आणि मुलगी असा फरक हा कायदा करत नाही. “तुझ्या लग्नात खर्च झालाच की,” हे घराघरांत ऐकू येणारे वाक्यही इथे टिकत नाही. बापाने हयातीत मुलाला वा मुलीला दिलेले या वाटणीत वजा धरायचे नाही, असे हाच कायदा सांगतो. स्वतःच्या मिळकतीचे मृत्युपत्र करायचे असेल तर दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला त्यात काही ठेवले असेल तर ते देणे रद्द होते. आजारी माणसाच्या खाटेशी आपल्यालाच साक्षीला बोलावतात, म्हणून हे आपल्याला पाठ असायला हवे. बहिणीने समजून उमजून, राजीखुशीने हक्क सोडला तर तो तिचा त्याग आहे. तिला हक्क आहे हेच कोणी सांगितले नसेल, तर त्याला त्याग म्हणू नये.

हे व्यवहाराचे ज्ञान आहे, आध्यात्मिक नव्हे, असे काही बंधू म्हणतील. त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडावा. यरुशलेममध्ये रोजच्या वाटपात हेल्लेणी विधवांकडे दुर्लक्ष होत होते. पंक्तीची व्यवस्था पाहण्यासाठी सात जण निवडायचे होते, आणि प्रेषितांनी अट घातली ती आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असण्याची. केडगावच्या मुक्तिसदनाकडेही पाहावे. १९०५ मध्ये तिथे जागृती झाली. त्याच आवारात पंडिता रमाबाईंच्या मुली शेती करत होत्या, विणत होत्या, छापखाना चालवत होत्या. प्रार्थना आणि हिशेब तिथे वेगवेगळ्या माणसांकडे सोपवलेले नव्हते.

मग आपल्याला सुचलेला सल्ला वरून आला की आपल्याच सोयीतून, हे ओळखायचे कसे? याकोबाने वरून येणाऱ्या ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत: ते शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, ऐकून घेणारे, दयेने भरलेले, पक्षपात आणि ढोंग नसलेले असते. यातले ऐकून घेणे मला सर्वांत अवघड वाटते. “प्रभूने मला दाखवले” असे म्हटल्यावर पुढे कोणी बोलत नाही, आणि पंचकमिटीच्या बैठकीत हे वाक्य आपण फार सहज वापरतो. सलाफहादाच्या मुलींचा निवाडा तर प्रत्यक्ष परमेश्वराने दिला होता. तरीही गणनेच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात कुळातले प्रमुख नवी अडचण घेऊन आले: मुलींनी दुसऱ्या वंशात लग्ने केली तर जमीनही तिकडे जाईल. निवाडा झाला आहे, आता बोलू नका, असे मोशे म्हणाला नाही. त्यांचेही ऐकले गेले. मुलींचा हक्क राहिला, आणि लग्न आपल्याच वंशात करावे ही अट जोडली गेली.

येत्या महिन्यात प्रत्येक मंडळीने एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी, अशी विनंती आहे. मंडळीतल्या किंवा ओळखीच्या वकिलाला बोलवा आणि वारसा, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र यांवर सोप्या मराठीत बोलायला सांगा. स्त्रियांची सभा त्या दिवशी वेगळी ठेवू नका. बहीण आणि भाऊ एकाच बाकावर बसून एकच गोष्ट ऐकू देत. प्रश्नांसाठी निम्मा वेळ ठेवा. आणि एखादी बहीण उठून तुमच्याकडे पाहत म्हणाली, “पाळकसाहेब, तुमचं काय मत?”, तर आधी तिला विचारा की घरात आणखी कोणाकोणाचे म्हणणे ऐकायचे राहिले आहे.